‘इतर’च्या रकान्यातलं मशीन

पुतणीचा फोन भलत्याच वेळी आला. मी नुकतीच शाळेतनं येऊन, पंखा लावून पाठ टेकली होती. सांगलीतल्या विश्रामबागेतली मार्चमधली दुपार म्हणजे बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नाही. “आत्या, एक सांग, सोनोग्राफी कशात टाकू?” हॅलो नाही, जेवलीस का नाही. बीएच्या शेवटच्या वर्षाला समाजशास्त्र घेतलंय तिनं आणि ‘जागतिकीकरण, तंत्रज्ञान आणि सामाजिक बदल’ असा भारदस्त मथळा असलेला प्रकल्प मिळालाय. मोबाइलवर फॉर्म बनवून गावात दारोदार हिंडत होती. त्यात एक प्रश्न असा, की तंत्रज्ञानामुळे तुमच्या कुटुंबात झालेला सर्वांत मोठा बदल कोणत्या साधनामुळे झाला? खाली पर्याय: मोबाइल, टीव्ही, इंटरनेट, शेतीची यंत्रे, इतर. आमची थोरली काकी बेदाण्याच्या शेडवर निवडायला बसली होती. ऐंशी ओलांडली तरी काड्या काढायला तिचा हात अजून चालतो. ती म्हणाली, “मशीन.” पोरीनं ‘शेतीची यंत्रे’वर टिक केली आणि सहज विचारलं, “ट्रॅक्टर म्हणायचं का ब्लोअर?” काकी म्हणाली, “ट्रॅक्टर न्हवं गं. सांगलीत पोटावरनं फिरवत्यात ते.” एवढं बोलून तिनं पुढचा मूठभर बेदाणा ओढला, असं पुतणी सांगत होती. बाकीच्या बायका गप्प झाल्या का, असं मी विचारलं. नाही म्हणाली, कुणीच दचकलं नाही.

“‘इतर’मध्ये टाक,” मी म्हणाले. फोन ठेवला. डोळा काही लागला नाही.

आमचं गाव तासगावच्या पूर्वेला. या भागातल्या माणसाला द्राक्षबाग समजावून सांगायची म्हणजे कोकण्याला भात कसा लावतात ते सांगण्यासारखं, तेव्हा ते सोडून देते. पण बेदाण्याच्या शेडचा वास मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. डिपिंग ऑइलचा तेलकट, साबणासारखा वास, त्यावर गंधकाच्या धुरीचा घशात बसणारा झणका, आणि या दोन्हींच्या खाली पिकत, आक्रसत चाललेल्या द्राक्षाची गोडसर आंबूस वाफ. जाळीच्या थरांवर घड पसरलेले असतात. पहिल्या दिवशी हिरवेगार फुगीर मणी, आठवड्याभरात सुरकुत्या, पंधरवड्यात बेदाणा. चार किलो द्राक्षाचा एक किलो. शेडवरनं घरी आलं की केसांना तो वास दोन न्हाणी जात नाही. लग्न होऊन सांगलीत आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मला बाजारपेठेत एका दुकानाशी तो वास आला आणि मी पिशवी घेऊन तिथंच उभी राहिले. दुकानदारानं ओ ताई, काय देऊ, असं तीनदा विचारलं असेल.

जागतिकीकरण म्हटलं की पुतणीच्या पुस्तकात १९९१ येतं, मॉल येतो, पिझ्झा येतो. मला आमच्या बागेतलं एक झाड पुरे. खालचा खुंट डॉगरीजचा, म्हणजे टेक्सासातल्या रानवेलीचा, कारण आमच्या चुनखडीच्या रानाला आणि खारट पाण्याला तोच टिकतो. वर भरलेलं कलम थॉमसन सीडलेसच्या वंशातलं, ज्याला कॅलिफोर्नियात नाव मिळालं पण ज्याचं मूळ त्याच्याही पूर्वेला, तुर्कस्तान-इराणकडं. त्यातनंच निवड करत आमच्याच तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी ‘तास-ए-गणेश’ काढली, ती आज महाराष्ट्रभर आहे. मणी लांबावा म्हणून घड बुडवायचं ते जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड, ते जपानी लोकांना भाताच्या रोगाचा शोध घेताना सापडलेलं. बेदाणा करताना घड बुडवायची पद्धत ऑस्ट्रेलियाची. छाटणीला माणसं येतात ती कुठली कुठली, यंदा बिहारची टोळी आहे. तयार माल जातो रॉटरडॅमला. आणि या सगळ्याच्या मध्ये डोक्याला मुंडासं बांधून माझा भाऊ उभा असतो, ज्याला सांगलीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी बोलायलाही अवघडल्यासारखं होतं.

या भावाला मी एकदाच रडताना पाहिलंय. वडील गेले तेव्हा नाही, २०१० ला. त्या वर्षी युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसीचा अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर बंदरात अडकले. सीसीसी म्हणजे वेलीची नुसती शाकीय वाढ थोपवायला मारायचं औषध, सगळेच मारायचे, कुणी लपवूनही मारत नव्हतं. तिकडच्या प्रयोगशाळेनं अचानक त्याचीही तपासणी सुरू केली. किलोमागं मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारी यंत्रं तिकडं आहेत, हे आमच्या गावाला त्या उन्हाळ्यात समजलं. दादा अंगणात कॉटवर बसून म्हणाला, “न दिसणाऱ्या गोष्टीनं मारलं बघ.” त्यानंतर सगळा कारभार काटेकोर झाला. प्रत्येक प्लॉटची नोंदणी, प्रत्येक फवारणीची वही, ‘ग्रेपनेट’ या निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर माहिती. आता पेटीवरच्या आकड्यावरनं तिकडच्या माणसाला कळू शकतं की हा घड कुठल्या गावच्या कुठल्या गटातला. सल्लागाराचा व्हॉट्सॲप ग्रुप पहाटे पाचला जागा होतो. पानाचा फोटो टाकला की रोग डाऊनी आहे का भुरी, ते अंघोळीच्या आत सांगतात. ‘प्लॉट’, ‘रेसिड्यू’, ‘एक्सपोर्ट क्वालिटी’ हे शब्द आईच्या तोंडात इतके बसलेत, की मागं पाहुण्यांपुढं एका नातवाच्या तब्येतीबद्दल ती ‘एक्सपोर्ट क्वालिटी हाय’ म्हणाली आणि सगळे हसले तरी तिला कळलं नाही का हसले ते.

हे सगळं पुतणीच्या फॉर्ममध्ये मजेत बसतं. बदल झाला का, हो. फायदा झाला का, हो. तोटा झाला का, काही प्रमाणात. टिक, टिक, टिक.

काकीचं मशीन बसत नाही.

मग मी, पोरीला मदत म्हणून आणि खरं तर स्वतःची खाज म्हणून, ते मशीन आलं कुठनं ते वाचायला बसले. ग्लासगोमध्ये इयान डोनाल्ड नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. पन्नासच्या दशकात तिथल्या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात धातूला आतनं चीर आहे का ते बघायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. डोनाल्ड बाईच्या पोटातनं काढलेल्या गाठी गाडीत घालून त्या कारखान्यात गेले आणि त्या यंत्राखाली धरून पाहिल्या. १९५८ साली त्यांचा शोधनिबंध आला, आणि तिथनं पुढं जगभरच्या बायकांच्या पोटात काय चाललंय ते दिसायला लागलं. किती बाळंतिणी त्यानं वाचवल्या त्याला गणती नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी बाळ आडवं आहे हे त्याच मशीननं सांगितलं, आधी सांगितलं म्हणून दोघं वाचली. त्यामुळं मी त्या यंत्राला सरसकट शिव्या घालायला तयार नाही. ऐंशीच्या दशकात ते मुंबई-पुण्यात होतं. नव्वदच्या दशकात आयात सोपी झाली, बंगळूरला जुळणी व्हायला लागली, यंत्र लहान झालं, स्वस्त झालं, आणि बघता बघता तालुक्याच्या गावात दवाखान्याच्या पाटीवर ‘सोनोग्राफीची सोय’ अशी ओळ वाढली. एसटीडी बूथही त्याच सुमारास आला, केबलही. माझ्या डोक्यात ही तिन्ही एकाच रंगाच्या पाट्या म्हणून बसलीत, पिवळ्यावर काळी अक्षरं.

कायदा नव्हता असं नाही. महाराष्ट्रानं १९८८ मध्येच केला, देशात पहिला. केंद्राचा १९९४ चा. दवाखान्यात ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक सक्तीचा झाला, आणि तो फलक लागला म्हणजे इथं मशीन आहे हे सगळ्यांना कळायला लागलं, हा त्यातला एक उपफायदा. कागदावर काहीच लिहायचं नसायचं. कुणी म्हणे जिलबी आणा, कुणी म्हणे पेढे. कुणी नुसतंच म्हणायचं की सगळं चांगलं आहे, किंवा काहीच म्हणायचं नाही आणि त्या काहीच न म्हणण्यातनं घरच्यांनी काय ते समजायचं. या खुणा बायका पाण्याला जाताना बोलत, मी माहेरी गेले की ऐकायची. जणू मिरची दळायला कुठली गिरणी चांगली, तशा आवाजात.

पुतणीच्या पाठ्यपुस्तकात विल्यम ऑगबर्न नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा सिद्धांत आहे, १९२२ सालचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वस्तू आणि यंत्रं झपाट्यानं बदलतात, माणसांच्या चालीरीती, श्रद्धा, कायदे मागनं रखडत येतात, आणि या दोहोंत जे अंतर पडतं त्यातनं समाजाच्या अडचणी उभ्या राहतात. ‘कल्चरल लॅग’ म्हणतात त्याला. पोरीनं मला हे फोनवर वाचून दाखवलं आणि विचारलं, “बसतंय का आपल्या गावाला?” मोबाइलला बसतं. सासूला फोन वापरता येत नाही म्हणून सुनेच्या फोनवर सासूचा डोळा, याला तर अगदी चपखल बसतं. पण काकीच्या मशीनला बसत नाही. इथं चालीरीत मागं रखडलेली नव्हतीच. ती यंत्राच्या कितीतरी आधीपासनं फाट्यावर पिशवी घेऊन उभी होती. तिसरी मुलगी झाली की तिला ‘नकुशी’ म्हणायचं, म्हणजे देव ऐकेल आणि पुढचा मुलगा देईल, ही आमच्याकडची आणि शेजारच्या साताऱ्याकडची जुनी तऱ्हा. २०११ साली साताऱ्यात जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली, कुणी ऐश्वर्या झाली, कुणी वैशाली. तोवर त्या पोरी शाळेच्या हजेरीत ‘नकुसा’ म्हणून हजर म्हणत होत्या. जी इच्छा आधी नावातनं आणि नवसातनं देवाला कळवावी लागत होती, ती पुरी करायला यंत्र आलं, एवढंच. गावाला यंत्राची सवय करून घ्यावी लागली नाही. त्यानं कुणाचं मन बदलायला नाही घेतलं, जे मनात होतं त्याला फक्त पाय दिले.

आणि हे कुणी केलं? दुष्काळी, अडाणी, मागासलेल्या माणसांनी केलं असतं तर समजून घेता तरी आलं असतं. राज्याच्या नकाशावर बघा. गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात मुलींचं प्रमाण चांगलं. पडलं ते उसाच्या, द्राक्षाच्या, दुधाच्या, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागं मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. आमच्या सांगली जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत हा आकडा ८५१ होता. पुढच्या जनगणनेत थोडा सावरला, तरी नऊशेच्या खालीच. अमर्त्य सेन यांनी १९९० साली लिहिलं होतं की जगातनं दहा कोटींहून जास्त स्त्रिया नाहीशा आहेत. वाचताना ते चीनचं, पंजाबचं वाटतं. मग मला आमची आळी आठवते. पाणी आलं, ठिबक आलं, बाग आली, एकराला भाव आला. एकराला भाव आला तशी वाटणी नकोशी झाली, वाटणी नको म्हणून पोरं दोनच, आणि दोनच तर त्यातला एक तरी मुलगाच पाहिजे. हा हिशेब कुणी वहीत मांडला नाही, पण दादाच्या फवारणीच्या वहीइतका तो चोख आहे. मार्च २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले तेव्हा टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या, सगळा देश हळहळला. म्हैसाळ म्हणजे ज्या गावाच्या नावाची उपसा योजना आहे, ती आमच्या भागातल्या बागा जगवते. त्या रात्री दादा बातम्या बघत होता. वहिनीनं रिमोट घेतला आणि मालिका लावली. दादा काही बोलला नाही.

पुतणीचा दुसरा फोन रात्री आला. फॉर्मची सगळी उत्तरं तिच्याकडं एक्सेलमध्ये जमा होतात. त्यात कुटुंबातल्या माणसांची वयंही आहेत, तेवढाच प्राथमिक माहितीचा रकाना. “आत्या, आपल्याकडं थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा अशी घरं खूप आहेत गं.” हो, असतात. “आणि दोघांच्यात अंतर खूप आहे. सात, सहा, आठ. दोन मुलगे असतील तिथं दोन-तीन वर्षांचंच आहे.” मी गप्प. “म्हणजे मधली वर्षं...” ती पुढं बोलली नाही आणि मीही बोलले नाही. तिच्यात आणि तिच्या भावात सहा वर्षांचं अंतर आहे. एक्सेलमध्ये ती ओळ कितवी होती कुणास ठाऊक, पण तिनं ती बघितली असणार. तिनं आईला विचारलं नाही. मीही वहिनीला कधी विचारलं नाही. त्या वर्षांत वहिनी दोनदा सांगलीला आली होती, माझ्याकडं राहिली होती, तिला बरं नव्हतं एवढं मला आठवतं. पेज करून दिली होती मी. कशानं बरं नव्हतं, हे तेव्हा बायका बायकांना विचारत नसत आणि आता विचारून काय करायचं?

यावर कुणी म्हणेल की हे जुनं झालं, आता लोक शहाणे झाले. कायदा कडक झाला हे खरं, शेजारच्या कोल्हापुरात तर सोनोग्राफीच्या मशीनलाच ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवला होता, यंत्रावर नजर ठेवायला दुसरं यंत्र. पण जी पोरं त्या काळात जन्मली ती आता लग्नाची झालीत. काकीचा थोरला नातू चार एकर एक्सपोर्टची बाग करतो. इंग्रजी ईमेल स्वतः लिहितो. बंगला आहे, चारचाकी आहे, पोरगा निर्व्यसनी. तिशी उलटली तरी लग्न जमेना. मुलीकडचे येतात, चहा घेतात, बाग बघतात, दोन घड तोडून पिशवीत घेतात आणि मग विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का? मुलीच्या बायोडाटात अपेक्षा लिहिलेली असते की मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला, घरी बागायत शेती असावी, पण मुलगी शेतात जाणार नाही. यावर गावातले बाप्ये फार चिडतात, पोरी लई शेफारल्या म्हणतात. मला मात्र त्या पोरींचं काही चुकतंय असं वाटत नाही. त्यांनी आपल्या आईला ऑक्टोबर छाटणीपासनं बेदाणा निवडेपर्यंत राबताना बघितलंय, आणि बाग कुणाच्या नावावर आहे तेही बघितलंय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, आम्हाला बायको द्या म्हणून. गावात त्याचा व्हिडिओ बघून लोक हसत होते. काकीचा नातूही हसला, पण त्यानं तो कुणाला फॉरवर्ड केला नाही, असं पुतणी म्हणाली.

शेवटी त्याचं लग्न झालं मागच्या वर्षी. एजंटामार्फत, विजापूरकडची मुलगी. किती पैसे दिले ते गावाला माहीत आहे, काकीच्या घरात माहीत नाही. लग्नात मी तिला पहिल्यांदा पाहिलं, ठेंगणी, टपोऱ्या डोळ्यांची, हातात मेंदी आणि मेंदीच्या हातात सतत फोन. तिला मराठी येत नव्हतं. आता वर्षभरात तिचं मराठी असं झालंय की काकीलाच तिच्यासारखं बोलावंसं वाटतं. शेडवर तिचा हात सगळ्यांत चपळ. दर दुपारी ती शेडच्या खांबाला फोन टेकवून आईला व्हिडिओ कॉल लावते आणि कन्नडमध्ये बोलत बोलत बेदाणा निवडते. तिकडं तिची आई भाकरी थापत असते, तिचाही फोन डब्याला टेकवलेला. दोघी आपापली कामं करतात. कधी कधी पाच-पाच मिनिटं कुणीच काही बोलत नाही, नुसता भाकरीचा थाप-थाप आवाज सांगलीच्या शेडमध्ये येतो. पुतणीच्या फॉर्ममध्ये ‘मोबाइल’वर सगळ्यांत ठाम टिक हिची आहे. काकीचं मशीन आणि हिचा मोबाइल, एकाच घरातल्या दोन बायकांची दोन उत्तरं. पहिलं उत्तर नसतं तर दुसरी या घरात आलीच नसती, हे मी पुतणीला म्हणाले. ती म्हणाली, “थांब थांब, लिहून घेते.”

आता माझं सांगते. वडील गेले त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दोघी बहिणींनी हक्कसोडपत्र केलं. मुलींना वडिलार्जित जमिनीत वाटा, हा कायदा महाराष्ट्रात १९९४ लाच आला होता, देशभर २००५ ला. म्हणजे सोनोग्राफीचा केंद्राचा कायदा आणि हा, दोन्ही एकाच सालचे. कुणी जबरदस्ती केली नाही. दादानं नुसतं म्हटलं की तलाठी म्हणतोय नावं कमी केली तर कर्जाला सोपं पडंल. त्यानं दुष्काळात टँकरनं पाणी घालून ती बाग जगवलेली, बायकोचं डोरलं गहाण टाकून. माझ्या डीएडची फी त्यानंच भरली होती. निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा त्या काचेच्या लहान यंत्रावर घेतात, ते मला दोनदा पुसून द्यावं लागलं, खडूनं बोटाची रेघ उमटत नव्हती. मग दादानं आम्हाला हॉटेलात जेवायला नेलं आणि दोघींना पैठणी घेतली. मी ती आनंदानं नेसते. खोटं कशाला सांगू, भाऊबीज चालू राहिली पाहिजे हा विचार तेव्हा होता आणि आजही आहे. माहेर आणि वाटा दोन्ही मागणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांना वाटा मिळाला.

फक्त एक झालं. सातबारा ऑनलाइन आला. एकदा शाळेत ऑफ तासाला, एका सहकारी बाईंना त्यांचा उतारा काढून देताना, मी सहज आमचा गट नंबर टाकला. दहा सेकंदात आला. दादाचं नाव, ठिबकचा बोजा, पिकाच्या पाहणीत द्राक्ष, विहीर, सगळं. इतकं स्वच्छ आणि डिजिटल सहीचं की बघत राहावं. पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात जाऊन बघायचं म्हणजे अर्धा दिवस आणि चार चहा, त्यामुळं कुणी बघायचं नाही. आता चहाशिवाय, रांगेशिवाय, आपण तिथं नाही हे सरकार बसल्या जागी दाखवतं. तेव्हापासनं मी तो उतारा अधूनमधून काढते. काही कारण नसतं. पंधरा रुपये जातात.

पुतणीनं फॉर्म बदलला. पर्याय काढून टाकले आणि नुसती रेघ ठेवली, ज्याला जे वाटेल ते त्यानं सांगावं. गाईडबाईंनी आधी कुरकुर केली की आकडेवारी कशी काढणार, आलेख कसा काढणार, आणि सोनोग्राफी हा जागतिकीकरणाचा विषय होतो का? पोरीनं ग्लासगोचा बॉयलर सांगितला. बाई म्हणाल्या, मग प्रस्तावनेत घाल. दुसऱ्या फेरीत उत्तरं अशी काही आली की आलेखाची वाटच लागली. मिक्सर. गॅस. बोअरची मोटर, कारण आता पाणी शेंदावं लागत नाही. एकीनं ‘ऑपरेशन’ सांगितलं आणि कसलं ते सांगितलं नाही. एका आजोबांनी ‘चष्मा’. दादानं अर्थातच ‘ठिबक’. वहिनीनं बराच वेळ विचार केला आणि ‘लिहू नको काही’ म्हणाली, तर पोरीनं तेच शब्द तसेच्या तसे त्या रेघेवर लिहिले.

मलाही लिंक आली होती. मी ‘ऑनलाइन सातबारा’ लिहून पाठवलं. पोरीनं सगळी उत्तरं छापून घरी ताटावर ठेवली होती म्हणे, वाचून चुका सांगा म्हणून, आणि दादानं जेवता जेवता चष्मा लावून सगळी पानं वाचली.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

“तुझं उत्तर वाचलं,” तो म्हणाला.

“मग?”

“मग काय. तासगावच्या बेदाणा सौद्यात यंदा दर बरा निघालाय.”

मी विचारलं, हिरव्याला का पिवळ्याला? त्यानं दोन्हीचा सांगितला.